चढ संपला म्हणून बंद केलेला टो मोड: आय-७० महामार्गावरचे एक प्रकरण

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या गिअरच्या दांड्यावर किंवा डॅशबोर्डवर ‘टो/हॉल’ असे बटण असते. ट्रेलर जोडला की ते दाबून ‘टो मोड’ चालू करायचा, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण कधी दाबायचे, कधी सोडायचे आणि उतारावर त्याचे काय करायचे, यावर डेन्व्हर परिसरातल्या ट्रेलरवाल्या मराठी मंडळींतही एकमत नाही. खालचे प्रकरण त्यांच्यातल्याच एका कुटुंबाचे आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. माहितीचे आधार तीन: ट्रकमालकाने आणि त्याच्या बायकोने सांगितलेली हकिकत, डॅशकॅमचे चित्रण आणि वजनकाट्याच्या पावत्या. चित्रणात ट्रकच्या आतले आवाजही आले आहेत, त्यामुळे कोण कधी काय म्हणाले याचा वाद उरला नाही.

पार्श्वभूमी

कुटुंब चौघांचे, नवरा-बायको आणि दोन मुले. दोघेही नोकरदार. डेन्व्हरच्या दक्षिणेकडच्या उपनगरात राहायला. ट्रक हाफ-टन, म्हणजे मोठ्या पिकअपमधल्या सर्वात हलक्या वर्गातला, टर्बो नसलेले व्ही-८ पेट्रोल इंजिन, १० गिअरांचे ऑटोमॅटिक. वापरलेला ट्रेव्हल ट्रेलर उन्हाळ्याच्या सुरुवातीला घेतला. त्यात दोन पलंग, छोटेसे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. त्यानंतरच्या सहली सगळ्या पूर्वेकडच्या सपाट भागात झाल्या. तिकडे मैलोन्‌मैल रस्ता पाटासारखा, त्यामुळे ट्रेलर ओढणे म्हणजे जरा लांबलचक गाडी चालवणे, असा समज होणे साहजिक होते.

सप्टेंबरच्या शेवटी अ‍ॅस्पेनची झाडे पिवळी होतात. तेव्हा पश्चिमेकडे, ग्रँड जंक्शनजवळच्या फ्रुटाला जायचे ठरले. त्यासाठी आय-७० ने रॉकी पर्वत ओलांडावा लागतो. डेन्व्हर ५,२८० फुटांवर. तिथून साधारण ६० मैलांवर आयझेनहॉवर बोगद्याचे तोंड, ११,००० फुटांच्या वर. बोगदा पावणेदोन मैलांच्या आतबाहेर लांब. पश्चिमेकडे जाणारी वाहतूक १९७३ साली सुरू झालेल्या नळीतून जाते. परतीची, जॉन्सन यांच्या नावाची नळी १९७९ मध्ये खुली झाली. पश्चिमेच्या तोंडातून बाहेर पडले की लगेच उतार लागतो. सिल्व्हरथॉर्नपर्यंत आठ मैलांहून जास्त, ६ ते ७ टक्क्यांचा, मध्ये विसाव्याचा सपाट तुकडा जवळपास नाहीच. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीने भरलेल्या दोन चढत्या वाटा याच उतारावर बाजूला काढलेल्या आहेत.

निघण्याआधी ट्रकमालकाने एक काम चोख केले होते. सगळे सामान भरून, माणसे बसवून, ट्रक-थांब्यावरच्या वजनकाट्यावर गाडी नेली. पुढचा आस ३,१८० पौंड, मागचा ३,८२०, ट्रेलरचे आस ५,४८०. एकूण १२,४८०. मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक काट्यावर घातला, तो ६,२८० भरला. म्हणजे ट्रेलर ६,२०० पौंडांचा, आणि त्यातले ७२० पौंड ट्रकच्या हुकावर, साडेअकरा टक्क्यांच्या जवळपास. बंपरमागे ओढायच्या ट्रेलरला हुकावर १० ते १५ टक्के वजन हवे असते, त्यामुळे मांडणी बरोबर होती. ट्रकची स्वतःची वजनमर्यादा ७,१०० पौंड आणि काट्यावर भरले ७,०००. ट्रक, ट्रेलर, माणसे आणि सामान मिळून चालणारी कमाल मर्यादा, जिला जीसीडब्ल्यूआर म्हणतात, १५,००० पौंड. या गाडीचे एकूण वजन त्याच्या ८३ टक्के.

हा ८३ चा आकडा महत्त्वाचा आहे. जनरल मोटर्सच्या ट्रकांच्या पुस्तिकेत म्हटले आहे की एकत्रित वजन जीसीडब्ल्यूआरच्या किमान ७५ टक्के असेल तेव्हा टो/हॉल मोड सर्वात परिणामकारक ठरतो. इतर कंपन्या टक्केवारी न देता ‘जड ओझे’, ‘डोंगराळ रस्ता’, ‘वारंवार गिअर बदलणे’ अशा शब्दांत तेच सांगतात. म्हणजे या कुटुंबाच्या गाडीला या रस्त्यावर मोड हवाच होता. प्रश्न फक्त कुठून कुठपर्यंत, एवढाच.

अडचण

मॉरिसनजवळ चढ सुरू झाला तेव्हा त्याने बटण दाबले. जॉर्जटाउननंतर चढ तीव्र झाला. उंचीमुळे हवा विरळ, आणि टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावते. ११,००० फुटांवर जवळजवळ एक तृतीयांश गेली. ट्रक तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाचे मिनिटाला फेरे ३,७०० च्या आसपास, वेग ताशी ४८ मैल. इंजिन घुमत होते. मागच्या सीटवरून मुलांनी विचारले, “बाबा, गाडी अशी का ओरडतेय?” हा आवाज योग्यच होता. इंजिन सुटसुटीत फिरत होते, गिअर खालीवर होत नव्हता, गिअरबॉक्सचे तापमान स्थिर होते. पण सपाटीवर चालवणाऱ्याच्या कानाला तो आवाज म्हणजे गाडीचा छळ वाटतो.

बोगद्यात शिरल्यावर तो म्हणाला, “झाला चढ. आता याला जरा आराम देऊ.” आणि बटण दाबून मोड बंद केला.

यामागे दोन कारणे होती. पहिले, तो आवाज. दुसरे, एका कॅम्पग्राउंडवर शेकोटीपाशी मिळालेला सल्ला: मोड चढापुरता ठेवायचा, उतारावर बंद करायचा, नाहीतर पेट्रोल पितो. असे सल्ले ठासून दिले जातात, आणि देणारा वीस वर्षे ट्रेलर ओढणारा असला की कोणी उलट विचारत नाही.

बोगद्यातून बाहेर पडताना वेग ५० होता. ऑटोमॅटिकने आपल्या स्वभावाप्रमाणे, पायाखाली दाब नाही म्हटल्यावर, भराभर वरचे गिअर टाकले. मैलभरात ट्रक दहाव्या गिअरमध्ये, फेरे १,४०० च्या आसपास आणि वेग ६२. इंजिन जवळजवळ शांत. गाडीला मागे धरून ठेवणारे आता ब्रेकखेरीज काहीच नव्हते. त्याने ब्रेक दाबून वेग ५५ वर आणला, सोडला, पुन्हा ६४. पुन्हा दाबला. मग पाय ब्रेकवरून उचललाच नाही. ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकचा जोर ठरवणारा कंट्रोलर सपाट पार्किंगमध्ये, ट्रेलर रिकामा असताना जुळवलेला होता. तो कमी पडत होता, म्हणून सगळा भार ट्रकच्या ब्रेकांवर आला.

तिसऱ्या मैलाच्या आसपास बायको म्हणाली, “लायनर जळल्याचा वास येतोय. आपलाच आहे की त्या ट्रकचा?” दोघेही घाटाखालच्या गावांतले. कुंभार्लीच्या पायथ्याशी थांबलेल्या मालट्रकांचा हा वास त्यांना लहानपणापासून परिचयाचा. पुढच्या अर्ध्या मैलात ब्रेकचे पॅडल नेहमीपेक्षा खूप खोल जायला लागले आणि स्पंजासारखे लागू लागले. वेग ६५.

बटण नेमके करते काय

या जागी थोडे थांबून यंत्राकडे पाहू, कारण पुढचे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत.

टो/हॉल मोडमुळे इंजिनाची ताकद वाढत नाही, ट्रकची ओढण्याची मर्यादाही वाढत नाही. बदलतो तो गिअरबॉक्सचा हिशेब. वरचा गिअर उशिरा पडतो. एकदा खालचा गिअर पडला की तो लगेच सुटत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना द्रवाने जोडणारा जो टॉर्क कन्व्हर्टर, त्याचे लॉक जास्त वेळ टिकते, त्यामुळे तिथली घसर आणि तिच्यामुळे तयार होणारी उष्णता कमी होते. गिअर बदलताना आतले क्लच घट्ट पकडतात, म्हणून बदल जरा धक्क्याने जाणवतो. गिअरबॉक्सचा शत्रू उष्णता, आणि सौम्य चढउतारांवर आठव्या-नवव्या गिअरमधली सततची ये-जा ही उष्णता साठवते. मोड ती ये-जा थांबवतो. हा झाला चढाचा आणि लाटांसारख्या रस्त्याचा फायदा.

उताराचा फायदा त्याहून मोठा, आणि तोच लोक विसरतात. मोड चालू असताना ॲक्सिलरेटर सोडून ब्रेक ठामपणे दाबला की गिअरबॉक्स समजतो: हा उतार आहे, चालकाला वेग कमी हवाय. मग तो स्वतःहून एक एक गिअर खाली टाकतो आणि धरून ठेवतो. इंजिन चाकांना मागे खेचते. आपल्याकडे घाटात जुने चालक सांगायचे, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. हा मोड ऑटोमॅटिक गाडीत तेवढेच काम करतो. १९९९ च्या सिल्व्हरॅडो पिकअपमध्ये हे बटण आले तेव्हा त्याचे मुख्य काम गिअर धरून ठेवण्याचे होते. पुढे उतारावर आपणहून गिअर टाकण्याची हुशारी त्यात वाढत गेली.

पेट्रोलची भीतीही बिनबुडाची. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि इंजिन चाकांच्या जोरावर फिरत असले, की आजची इंजेक्शनवाली इंजिने इंधनच बंद करतात. उतारावर ३,५०० फेऱ्यांनी घुमणारे इंजिन तेव्हा जवळजवळ काहीच पीत नसते. आवाज येतो म्हणजे पेट्रोल जळते, हे समीकरण चढावर खरे, उतारावर नाही.

आता ब्रेकांवर किती ओझे आले ते बघा. १२,४८० पौंड म्हणजे ५,६६० किलो. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्नपर्यंत उतरण सुमारे ७०० मीटर. एवढे वजन एवढे खाली येताना जी ऊर्जा सुटते ती विजेच्या मापात जवळजवळ ११ युनिट भरते. घरचा दोन किलोवॅटचा गीझर साडेपाच तास सतत चालवला तर जेवढी उष्णता होईल तेवढी, आणि इथे ती दहा-अकरा मिनिटांत. वारा आणि टायर यांतला बराच वाटा उचलतात. उरलेला इंजिनाने घ्यायचा की ब्रेकच्या चकत्यांनी, हे ठरवणारे बटण त्याने बोगद्यात बंद केले होते.

पॅडल खोल जाणे आणि स्पंजासारखे लागणे याचाही अर्थ ठरलेला आहे. लायनर तापून निसरडे झाले तर पॅडल कडकच राहते, फक्त गाडी थांबत नाही. पॅडल मऊ होते ते ब्रेकचे द्रव उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की. डॉट-३ या प्रतीच्या ब्रेक द्रवाचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या जुन्या द्रवासाठी हीच अट १४० अंशांवर येते. या ट्रकमधले द्रव कारखान्यातून आलेलेच होते, पाच वर्षांचे.

समोर असलेले पर्याय

पॅडल मऊ झाले त्या क्षणी चार वाटा होत्या. चित्रण पाहताना मोजायला सोप्या, तिथे बसून मोजायला अवघड.

खडीच्या वाटेत घुसणे. ही वाट मोठ्या मालट्रकांसाठी बांधलेली असली तरी ब्रेक गेलेल्या कोणत्याही गाडीने वापरावी अशीच आहे. गाडी बाहेर काढण्याचा खर्च येतो, ट्रेलरचे नुकसान होऊ शकते. जीव वाचतो. उतारावरची खालची वाट अजून पुढे होती.

रस्त्याकडेच्या पट्टीवर थांबणे. चांगले वाटते, पण ६५ च्या वेगातून, अर्धे ब्रेक उरलेले असताना थांबायला जी शेवटची ताकद लागते ती खर्च करून गाडी उतारावरच उभी राहते. आणि तापलेल्या ब्रेकांवर भार ठेवून, उतारावर, मागे ट्रेलर.

हँडब्रेक. याचा विचार बायकोने बोलून दाखवला, आणि त्याने तो फेटाळला. बरोबर केले. पार्किंग ब्रेक फक्त मागच्या चाकांवर काम करतो. चाके अडकली तर ट्रेलर ट्रकला ढकलून आडवा करू शकतो.

खालचे गिअर आणि ट्रेलरचे ब्रेक. इंजिन शाबूत होते, गिअरबॉक्स शाबूत होता, ट्रेलरचे ब्रेक तर जवळजवळ न वापरलेले, थंड.

काय केले

त्याने चौथा पर्याय घेतला, मनात पहिला राखून. धोक्याचे दिवे लावले, उजव्या लेनमध्ये आला, मोड पुन्हा चालू केला. इथे एक गोष्ट कळली जी अनेकांना माहीत नसते: उशिरा दाबलेले बटण लगेच चमत्कार करत नाही. ६५ च्या वेगाला तिसरा गिअर टाकला तर इंजिन ५,००० फेऱ्यांपलीकडे जाईल, म्हणून गिअरबॉक्स सावधपणे खाली येतो. ट्रक आधी सातव्यात, मग सहाव्यात आला. फेरे ३,००० च्या जवळ. वेग वाढायचा थांबला, पण उतरेना.

मग त्याने कंट्रोलरची छोटी पट्टी हाताने दाबली. तिने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, ट्रकचे नाही. दाबायची, सोडायची. मागून कोणी धरून ठेवल्यासारखी गाडी ताणली गेली आणि वेग ६० झाला. पाचवा गिअर. पुन्हा पट्टी, ५५, चौथा. प्रत्येक गिअरबरोबर इंजिनाची पकड वाढत गेली. खडीची दुसरी वाट डावीउजवीकडे शोधत असतानाच वेग ४५ वर आला होता, तिसरा गिअर, फेरे साडेतीन हजार. बोगद्याआधी मुलांना ज्या आवाजाने घाबरवले होते जवळपास तोच. बायको चित्रणात स्पष्ट म्हणते, “ओरडू दे तिला. तू ब्रेकला हात लावू नकोस.”

ब्रेकला हात नव्हे पाय, पण सूचना अचूक.

एक्झिट २०५ ला सिल्व्हरथॉर्नला उतरले. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर. त्याने गाडी सपाट जागी उभी केली, गिअर पार्कमध्ये टाकला, चाकांपुढे ठोकळे लावले आणि हँडब्रेक ओढला नाही. पेट्रोल पंपावरचा एक भला माणूस पाण्याची बादली घेऊन आला, त्याला थांबवले. लालबुंद लोखंडी चकतीवर थंड पाणी टाकले तर ती वाकते किंवा तडकते. दीड तास गाडी तशीच ठेवली. मुलांना चौकातल्या दुकानात खाऊ घातले.

पुढचा निर्णय जास्त कठीण होता: जायचे की नाही? पुढे वेल पास ही खिंड, १०,६०० फुटांवर, आणि त्याच्या पश्चिमेला पुन्हा ७ टक्क्यांचा उतार. पॅडल थंड झाल्यावर कडक झाले होते. इथे बरेच लोक ‘आता ठीक आहे’ म्हणून निघतात. त्याने निघायचे टाळले. एकदा उकळलेले द्रव पुढच्या वेळी आणखी लवकर उकळू शकते आणि काचेसारखी गुळगुळीत झालेली लायनर पुन्हा पहिल्यासारखी धरत नाहीत. ट्रेलर जवळच्या कॅम्पग्राउंडवर लावला आणि रिकामा ट्रक हळूहळू गॅरेजला नेला. पुढचे पॅड आणि चकत्या बदलल्या, सगळे द्रव काढून नवीन भरले. सुट्टीतले दोन दिवस गेले.

ट्रेलर पुन्हा जोडल्यावर कंट्रोलर नव्याने जुळवला. पद्धत साधी: भरलेला ट्रेलर, मोकळा सपाट रस्ता, २५ मैलांचा वेग, फक्त पट्टी पूर्ण दाबायची. ट्रेलरची चाके अडकू नयेत, पण गाडी चांगली ओढली जावी. जोर वाढवत वाढवत अडकण्याच्या जरा अलीकडे थांबायचे.

परिणाम

वेल पास त्याने शिस्तीत उतरवला. माथ्यावरच वेग ४५ वर आणला, मोड चालू, ब्रेक एकदा ठाम दाबून गिअर खाली आणला. वेग ५० च्या वर जायला लागला की तीन-चार सेकंद ब्रेक, ४४ पर्यंत, मग पाय पूर्ण उचलायचा. सगळ्या उतारावर मोजून काही वेळाच ब्रेक लागले. खाली पोचल्यावर चाकांजवळ हात नेला, ऊब होती, चटका नव्हता.

परतीच्या दिवशी वेगळाच प्रश्न आला. सकाळी वेल पासवर गारांसारखा ओला बर्फ पडायला लागला. आय-७० च्या या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे योग्य टायर किंवा साखळ्या बाळगणे सक्तीचे असते, टायर होते. पण निसरड्या रस्त्यावर जो मोड कोरड्या उतारावर तारतो तोच गोत्यात आणू शकतो. इंजिनाचा रोध फक्त मागच्या चाकांवर येतो, गिअर आपणहून धक्क्याने खाली पडला तर ती चाके घसरतात आणि ट्रेलर मागून रेटतो. त्याने मला फोन करून माझे मत विचारले: मोड चालू ठेवू की बंद? मी म्हटले, दोन्ही नको, थांब. एवढ्या वजनाने ओला बर्फ उतरायला बटणात उत्तर नाही. ते दुपारपर्यंत ईगलला थांबले. रस्ता ओला पण बर्फाविना झाल्यावर निघाले.

सिल्व्हरथॉर्नला पेट्रोल भरून पुन्हा इंजिन सुरू केले तेव्हा मोडचा दिवा विझलेला होता. काही ट्रकांत इंजिन बंद केले की मोडही बंद होतो, काहींत तो लक्षात ठेवला जातो. त्याचा पहिल्या प्रकारातला. बायकोने दिवा पाहून सांगितले. आता इंजिन सुरू झाल्यावर दिवा बघायचे काम तिचेच आहे.

शेवटचा उतार जेनेसीपासून मॉरिसनपर्यंत, ६ टक्के. घर अर्ध्या तासावर, समोर डेन्व्हरचे दिवे, आणि डोंगर संपले असे वाटायला लावणारा. मोठ्या ट्रकांसाठी इथे इशाऱ्यांच्या पाट्या एकामागून एक आहेत त्या उगाच नाहीत. हाही त्याने तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये उतरवला. मागे रांग लागली, एकाने हॉर्न वाजवला. वाजवू दे.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती बोगद्यातच होती. मोड तसाच ठेवायचा आणि बाहेर पडतानाच वेग ४५ च्या खाली असू द्यायचा. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ६५ ला ती ४५ च्या दुपटीहून थोडी जास्त. माथ्यावर वेग कमी असेल तर खालचा गिअर सहज पडतो, उतारावर वेग वाढल्यावर गिअर पाडणे म्हणजे सुटलेल्या बैलाच्या मागे दावे घेऊन धावणे.

दुसरे, काट्यावर वजन करणारा माणूस ब्रेकच्या द्रवाचे वय बघत नाही, हे मला विचित्र वाटले. वजन आकड्यांत कळते आणि द्रव कोणी पाहत नाही, एवढेच त्याचे कारण असावे. डोंगरात ट्रेलर ओढणाऱ्याने दोन-तीन वर्षांनी द्रव बदलावे असे माझे मत.

तिसरे, क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय. काही नव्या ट्रकांत क्रूझ आणि टो मोड एकत्र चालू असतील तर उतारावर क्रूझच गिअर खाली टाकून वेग धरतो. चांगले काम करतो. तरी पहिल्या दोन-तीन घाटांत क्रूझ बंद ठेवून स्वतःच्या पायाने करावे. गाडी कधी धरते आणि कधी सोडते हे पायाला कळले की मग यंत्रावर सोपवावे.

डिझेल ट्रकवाल्यांचे गणित थोडे निराळे. त्यांच्याकडे बहुधा एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाचा रोध वाढवणारी सोय) असतो आणि टो मोडबरोबर तो जास्त जोराने लागतो. पेट्रोल इंजिनाची उतारावरची पकड त्यापुढे कमी, म्हणून पेट्रोलवाल्याने एक गिअर आणखी खाली आणि पाच मैल आणखी सावकाश असावे.

सपाटीवर मोड हवा का, यावर ट्रकमालकाचे आणि माझे पटत नाही. कॅन्सस-नेब्रास्काच्या दिशेने समोरून वारा असेल आणि गिअर सारखा खालीवर होत असेल तर चालू ठेवावा, यात दुमत नाही. वारा नसताना, सपाट रस्त्यावर, गिअर स्थिर असताना मी बंद ठेवीन. फेरे कमी, पेट्रोल थोडे कमी, बिघडत काही नाही. तो आता ठेवतो. बागेसाठी माती आणायला हजार-दीड हजार पौंडांचा उघडा ट्रेलर जोडला तरी ठेवतो. त्याने नुकसान होत नाही, हे पुस्तिकाही सांगतात. फक्त फायदा नाही आणि ट्रक उगाच आदळआपट करत गिअर बदलतो. ट्रेलर नसताना मात्र तो बंद करतो.

सध्या त्याच्या मनात तीन-चतुर्थांश टनी, म्हणजे वरच्या वर्गातला ट्रक घ्यायचे घोळते आहे. ब्रेक मोठे, वजनमर्यादा जास्त. माझ्या मते आहे तो ट्रक या ट्रेलरला पुरतो, अडचण दुसरी आहे: ७,१०० पैकी ७,००० आधीच भरलेत, आणि मुलांना पुढच्या उन्हाळ्यात सायकली न्यायच्या आहेत. चार सायकली आणि त्यांचे स्टँड मिळून १०० पौंडांत बसत नाहीत. त्या ट्रेलरच्या मागे टांगल्या तर हुकावरचे वजन घटते आणि ट्रेलर डुलायला लागतो. सध्या पाण्याच्या टाक्या रिकाम्या नेऊन, कॅम्पवर पोचल्यावर भरायचे ठरले आहे. मे महिन्यात पुन्हा काट्यावर जाऊन बघायचे.